ॲम्पलाच एक पेडल समज: लूप स्विचर आणि सेंड-रिटर्नचं वायरिंग

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, जुळे सोलापूरचा कॉलेजातला पोरगा आहे, बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय, जवळ ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस, डिले आणि रिव्हर्ब एवढे पेडल (पायाशी ठेवायचे, आवाज बदलणारे डबे), मागं सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असलेला ३५ वॅटचा कॉम्बो ॲम्प, आणि नवीन घेतलेला आठ लूपचा स्विचर, म्हणजे एका बटणावर हवी ती पेडल चालूबंद करणारा डबा, ज्याला इनपुट एकच आणि आउटपुट पण एकच. सगळं ॲम्पच्या इनपुटला लावलं तर गेन चॅनलवर (फाटलेल्या, डिस्टॉर्शनच्या आवाजाचा चॅनल) डिलेचा चिखल होतोय, सगळं सेंड-रिटर्नमध्ये लावलं तर वाह आणि ओव्हरड्राइव्हमधला जीवच जातोय, आणि अर्धं इकडं अर्धं तिकडं करून बघितलं तर हम, म्हणजे स्पीकरमधून सलग घुमणारा नको तो आवाज, सुरू. शेवटी विचारलंय, "दादा नक्की किती केबल लागतात आणि कुठली कुठं?"

चार लागतात. पण खरी अडचण केबलची नाहीच. तुझ्याकडं स्विचर एकाच रांगेचा आहे आणि पेडल मात्र दोन जागी लावायचेत, काही ॲम्पच्या प्रीॲम्पच्या (आवाज घडवणारा पहिला भाग) आधी, काही नंतर, म्हणजे प्रीॲम्प आणि स्पीकर हलवणारा पॉवर ॲम्प यांच्या मधे. ॲम्पचा सेंड प्रीॲम्पमधून बाहेर येतो आणि रिटर्न पॉवर ॲम्पला जातो. एका रांगेला मधेच कापून तिथं ॲम्प कसा घालायचा, एवढाच प्रश्न आहे. हे एकदा डोक्यात बसलं की केबल आपोआप कळतात.

त्याआधी एक गोष्ट, आणि ही बरेच जण सांगत नाहीत. तू ॲम्प कायम क्लीनवर ठेवून सगळा गेन पेडलमधूनच घेणार असशील तर यातलं काहीच करायची गरज नाही. गिटार, पेडल, ॲम्पचं इनपुट, विषय संपला. मी स्वतः लग्नाच्या रिसेप्शनला आणि ऑर्केस्ट्राला अजून तसंच लावतो कारण तिथं ॲम्प कुठला मिळेल ते स्टेजवर गेल्यावरच कळतंय. पण तू लिहिलंयस की ॲम्पच्याच गेन चॅनलचा आवाज आवडतो म्हणून, तर मग पुढचं सगळं तुझ्यासाठी आहे.

काही पेडल आधी आणि काही नंतर का, ते बघ. वाह आणि ओव्हरड्राइव्ह हे प्रीॲम्पला ढकलणारे पेडल, त्यांना पुढं प्रीॲम्प लागतोच, मागं ॲम्पच्या लूपमध्ये (सेंड-रिटर्नच्या मधे) टाकले की ढकलायला कोणी उरत नाही म्हणून तुला ते मेल्यासारखे वाटले. डिलेचं उलटं आहे. डिस्टॉर्शन मोठ्या आवाजाला दाबतंय आणि बारीक आवाजाला वर उचलतंय, त्यामुळं डिलेचे रिपीट जे हळूहळू विरायला पाहिजेत ते विरतच नाहीत, मूळ नोटच्या बरोबरीनं येऊन बसतात आणि वर एकमेकांत मिसळून फाटतात. तो तुझा चिखल. आणि रिव्हर्ब म्हणजे तर खोलीचा घुमार, खऱ्या आयुष्यात खोली ॲम्पच्या नंतर येते, आधी नाही. कोरस मात्र आवडीवर, काही जण मुद्दाम पुढं लावतात, मला स्वतःला मागं बरा वाटतो.

आता जोडणी. मी याला "ॲम्पलाच एक पेडल समज" म्हणतो. तुझ्या स्विचरचे लूप १ ते ८ एकामागं एक जातात, प्रत्येक लूपला एक सेंड एक रिटर्न, मधे पेडल. तर लूप १ मध्ये वाह, लूप २ मध्ये ओव्हरड्राइव्ह, लूप ३ मध्ये डिस्टॉर्शन, आणि लूप ४ मध्ये पेडल लावायचंच नाही, तिथं ॲम्प लावायचा. म्हणजे स्विचरच्या लूप ४ च्या सेंडमधून लांब केबल ॲम्पच्या पुढच्या इनपुटला, आणि ॲम्पच्या मागच्या सेंडमधून लांब केबल परत स्विचरच्या लूप ४ च्या रिटर्नला. मग लूप ५ कोरस, ६ डिले, ७ रिव्हर्ब, आठवा रिकामा. स्विचरचं शेवटचं आउटपुट तिसऱ्या लांब केबलनं ॲम्पच्या रिटर्नला. चौथी केबल म्हणजे गिटारची. झाल्या चार, म्हणूनच याला फोर केबल मेथड म्हणतात.

इथं पोरं हमखास गोंधळतात कारण सेंड आणि रिटर्न हे शब्द स्विचरवर पण आहेत आणि ॲम्पवर पण. एवढंच धरून ठेव की सेंड म्हणजे त्या डब्यातून बाहेर आणि रिटर्न म्हणजे त्या डब्याच्या आत, मग डबा कुठला का असेना. सेंडला सेंड कधीच जोडायचं नाही. माझ्याकडं एकजण बोर्ड घेऊन आला होता, आवाजच येत नाही म्हणून स्विचर बदलायला निघाला होता, बघितलं तर दोन्ही सेंड एकमेकांना जोडलेले, म्हणजे दोघंही बोलतायत आणि ऐकायला कोणीच नाही.

लूप ४ बद्दल एक महत्त्वाचं. हा प्रत्येक प्रीसेटमध्ये (कुठले लूप चालू, कुठले बंद ते स्विचरमध्ये साठवलेलं) चालूच पाहिजे. बंद झाला की प्रीॲम्पच वगळला जातो आणि गिटार सरळ पॉवर ॲम्पला जाते, आवाज एकदम बसतो, पातळ आणि निर्जीव. मी एका गणपती मंडळाच्या प्रोग्रॅमला हे करून बसलोय. घरी सहा प्रीसेट नीट सेव्ह केले, सातवा सोलोसाठी घाईत केला आणि त्यात लूप ४ राहिला. सोलो आला, पाय मारला, आणि स्पीकरवर कोणीतरी गादी टाकून बसल्यासारखा आवाज. कीबोर्डवाला माझ्याकडं बघून नुसता हसतोय. त्यामुळं आता मी नवीन प्रीसेट करताना आधी ४ दाबतो मग बाकीचं. याचा फायदा पण आहे म्हणा, उद्या तू वेगळं प्रीॲम्प पेडल घेतलंस तर एका प्रीसेटमध्ये मुद्दाम लूप ४ बंद ठेवून ॲम्पचा प्रीॲम्प गाळता येतो, म्हणजे एकाच ॲम्पमधून दोन ॲम्पचे आवाज.

काही स्विचरना मधेच दोन गट पाडायची सोय असते, प्रत्येक गटाला स्वतःचं इन आणि आउट. तसा असता तर लूप वाया गेला नसता. बॉसच्या ईएस-८ सारख्यात तर लूपचा क्रमच प्रीसेटगणिक बदलता येतो. तुझा तसा नाही, पण सहा पेडल आणि एक ॲम्प मिळून सातच होतात, आठवा शिल्लकच आहे, त्यामुळं वाईट वाटून घेऊ नको.

ट्यूनर लूपमध्ये नको. गिटार, मग ट्यूनर, मग स्विचरचं इनपुट. कारण बफर, म्हणजे गिटारच्या कमकुवत सिग्नलला लांब वायर ओढायची ताकद देणारं छोटं सर्किट. गिटारच्या पॅसिव्ह पिकअपला लांब केबल सोसत नाही, साध्या केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धर, गिटारची ६ मीटर, ॲम्पपर्यंतची ५ मीटर, मधल्या पॅच केबल, म्हणजे हजार-बाराशेच्या वर जातं आणि वरचा चकचकीतपणा गळतो. स्विचर ट्रू बायपास आहे म्हणून खुश होऊ नको, ट्रू बायपास म्हणजे सगळी पेडल बंद असताना गिटार एकटीनं ही सगळी वायर ओढतेय. बॉसच्या टीयू-३ सारखा बफर असलेला ट्यूनर सुरुवातीला ठेवला की हा त्रास मिटतो. तुझा ट्यूनर ट्रू बायपास असेल तर वेगळा छोटा बफर लागेल. एकच अपवाद, पुढंमागं जुन्या पद्धतीचा फझ पेडल घेतलास तर तो बफरच्या आधी, सगळ्यात पहिला, नाहीतर तो किरकिरा वाजतो आणि तुला वाटेल पेडलच खराब आलाय.

लूपमधली पेडल कायम ऑन ठेवायची, चालूबंद स्विचर करणार. पण डिलेचं एक दुखणं आहे. लूप बंद केला की डिलेची शेपटी तिथंच तुटते, म्हणजे शेवटचे रिपीट विरायच्या आत कापले जातात. रॉकमध्ये चालतंय, भावगीताच्या शेवटी लई वाईट वाटतंय. शेपटी पाहिजे असेल तर डिलेचा लूप कायम चालू ठेवून डिले त्याच्याच बटणानं बंद करायचा, आणि त्या डिलेमध्ये ट्रेल्सची, म्हणजे बंद केल्यावरही शेपटी विरू देण्याची, सोय असली पाहिजे. मी रिव्हर्ब असाच ठेवतो, डिले तुटला तरी रिव्हर्ब त्याला झाकून घेतोय.

आता लेव्हल. ॲम्पच्या सेंडमधून किती जोराचा सिग्नल निघतो ते ॲम्पवर आहे. काहींचा गिटारच्या आसपास असतो, काहींचा लाइन लेव्हल, म्हणजे चांगलाच जोराचा. ९ व्होल्टवर चालणारा कोरस किंवा डिले तो जोर बरेचदा पेलत नाही आणि क्लीन आवाजातच बारीक खरखर यायला लागते. काही ॲम्पच्या मागं त्यासाठी छोटा स्विच असतो, रोलंडच्या जेसी-१२० ला +४ आणि -२० असा आहे, त्यात कमीवाला निवडायचा. स्विच नसेल तर चॅनलचा व्हॉल्यूम कमी आणि मास्टर जास्त करून बघ, बहुतेक ठिकाणी मास्टर लूपच्या नंतर असतो, पण सगळीकडं नाही, फिरवून ऐकल्याशिवाय कळणार नाही. अजून एक, लूप सिरीज आहे की पॅरलल ते बघून घे. पॅरललमध्ये मूळ आवाज ॲम्पच्या आतूनच पुढं जातो, तिथं ही पद्धत गडबडते, कारण स्विचरमधून येणाऱ्या आवाजात पण मूळ आवाज असतोच आणि दोन्ही मिळून पोकळ वाटायला लागतं. मागं मिक्सचं बटण असेल तर ते १०० टक्क्यावर.

आता तुझा हम. यावर जरा थांबतो कारण पोरं इथंच हात टेकतात आणि सगळं काढून परत इनपुटला लावून टाकतात.

आधी आवाज ओळख. जाड, सलग "हूंऽऽ" असेल, गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला तरी येतोय, तर तो ग्राउंड लूप, आपल्याकडच्या ५० हर्ट्झ लाइटचा आवाज आहे तो. गिटार हातात धरून गोल फिरल्यावर कमीजास्त होणारी चरचर असेल तर ती पिकअप पकडतंय, सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपला ट्यूबलाइटचा चोक, डिमर, एलईडीचे अडॅप्टर असलं काहीही पुरतंय. आमचे एक दोस्त अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या शेडला लागून प्रॅक्टिस करायचे, तिथं तर माग बंद होईपर्यंत गिटार हातात घ्यायची सोय नव्हती. आणि बारीक "चींऽऽ" अशी शिट्टी असेल तर ती पॉवर सप्लायची, जास्त करून डिजिटल डिले आणि रिव्हर्ब दुसऱ्या पेडलबरोबर एकाच वायरच्या माळेवर असले की.

तुझा पहिला प्रकार वाटतोय, कारण दोन भाग जोडल्यावरच सुरू झाला म्हणतोस. तो येतो का, तर बोर्ड आणि ॲम्पमध्ये आता तीन केबल आहेत आणि तिन्हीचं शिल्ड, म्हणजे मधल्या वायरीभोवतीची जाळी, दोन्ही टोकांना ग्राउंडला जोडलेलं आहे. म्हणजे ग्राउंडला जायला तीन वाटा, त्यांची मिळून रिंगण तयार होतात, आणि आजूबाजूच्या लाइटच्या वायरीतलं चुंबकीय क्षेत्र त्या रिंगणात करंट पैदा करतं. वर पॉवर सप्लाय वेगळ्या प्लगवर असला तर चौथी वाट.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे. तिन्ही लांब केबल एकत्र घट्ट बांधून टाक, वेणीसारख्या. रिंगणाचं क्षेत्रफळ जेवढं कमी तेवढा हम कमी. एक केबल ड्रमच्या मागून, एक स्टेजच्या कडेनं अशी नेलीस तर रिंगण सगळ्या स्टेजएवढं होतंय. मी तिन्हीवर दर फूटभर अंतरावर कापडी टेप मारतो आणि दोन्ही टोकांना रंगीत हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), लाल म्हणजे इनपुट, पिवळी सेंड, हिरवी रिटर्न. अंधारात मोबाइलची बॅटरी दातात धरून लावताना याचं मोल कळतंय.

दुसरं, ॲम्प आणि बोर्डाचा सप्लाय एकाच एक्स्टेन्शनवर. आणि सप्लाय खरंच आयसोलेटेड आहे का, म्हणजे प्रत्येक आउटपुट आतून एकमेकांपासून वेगळं आहे का, ते तपास, डब्यावर लिहिलेल्यावर जाऊ नको. लाइटचा प्लग काढ, सगळी पेडल काढ, मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेव आणि दोन वेगवेगळ्या आउटपुटच्या निगेटिव्हला दोन पिना लाव. आपली पेडल बहुतेक सेंटर निगेटिव्ह असतात म्हणजे आतली बाजू निगेटिव्ह, बॅरल पिनच्या तोंडात मल्टिमीटरची टोकदार पिन घालायची. बीप वाजला तर दोन्ही आतून जोडलेले, आयसोलेटेड नाहीत. मी हे एकाच्या नव्या कोऱ्या सप्लायवर करून दाखवलं तेव्हा आठच्या आठ आउटपुट बीप वाजले, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

एवढं करून पण राहिलाच तर तिसरा उपाय, सेंड आणि रिटर्नच्या केबलचं शिल्ड एका टोकाला सोडवायचं. इनपुटच्या केबलचं नाही, तिचं दोन्हीकडं पाहिजे, ग्राउंड तिच्यातूनच जाणार. हे टेबलावर दहा मिनिटाचं काम आहे. जॅकचं झाकण फिरवून काढ, मधली वायर टोकाच्या टर्मिनलला राहू दे, बाजूची जाळी जिथं झाळलीय तिथं सोल्डरिंग आयर्न टेकवून कथील वितळलं की जाळी उचल, कापून बारीक श्रिंक चढव म्हणजे कुठं टेकणार नाही. बोर्डाकडच्या टोकाला सोडवायचं, ॲम्पकडचं तसंच ठेवायचं. आणि त्या केबलला लगेच वेगळ्याच रंगाचा टेप मार, मोठी खूण कर, कारण ही केबल आता दुसरीकडं कुठं साधी केबल म्हणून चालणार नाही, सगळा हमच येईल, आणि सहा महिन्यांनी तुझाच मित्र ती उचलून बास गिटारला लावेल. झाळायचं जमत नसेल तर १:१ चा ट्रान्सफॉर्मर आयसोलेटर मिळतो, तो रिटर्नच्या वाटेत टाकायचा. गिटार आणि पहिल्या पेडलच्या मधे मात्र नको, पिकअपवर बोजा येतो.

आणि आता जे सांगतोय ते सगळ्यात नीट वाच. हम जातो म्हणून ॲम्पच्या प्लगची वरची जाड पिन, अर्थिंगची, ती काढायची नाही. टू पिन कन्व्हर्टर लावायचा नाही. हम खरंच जातो, म्हणूनच लोक करतात. मी पण केलंय, बावीस वर्षांचा होतो, गावाकडच्या मांडवात. ॲम्पचं अर्थिंग तोडलेलं, गिटारच्या तारा ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतातच, आणि मी गाता गाता ओठ माइकला लावला. पांढरं दिसलं डोळ्यासमोर. नशीब माइकचं स्टँड पडलं आणि संपर्क तुटला. तेव्हापासून मांडवात गेलो की पहिलं टेस्टर काढतो, ॲम्प चालू करून गिटारच्या तारेला टेस्टर लावतो, दिवा लागला तर ॲम्प बंद, इलेक्ट्रिशियनला हाक, त्यानं दुरुस्त करेपर्यंत वाजवणार नाही म्हणून सांगतो. आणि नुसत्या टेस्टरवर पण विसंबायचं नाही, साउंडवाल्याला विचारून आपला ॲम्प त्याच्या सिस्टिमच्याच बोर्डवरून घ्यायचा, म्हणजे माइक आणि गिटार एकाच अर्थिंगवर राहतात. जनरेटरवर असलं तर दुप्पट काळजी.

जोडताना सगळं एकदम जोडू नको. आधी गिटार सरळ ॲम्पला, ऐक, हा तुझा मूळ आवाज. मग ॲम्पच्या सेंडमधून एक छोटी पॅच केबल थेट रिटर्नला, आवाज बदलला तर लूपमध्येच काहीतरी आहे, बरेचदा जॅकला गंज असतो. मग ट्यूनर, स्विचर आणि लूप ४ एवढंच, बाकी लूप बंद. मूळ आवाजाच्या जवळपास असला पाहिजे. मग एकेक पेडल. ज्या पेडलला हम वाढला ते पेडल, ती पॅच केबल किंवा तो सप्लाय, बघायला तीनच जागा. सगळं एकदम लावलंस तर रविवार जातोय नुसता शोधण्यात.

किरकोळ दोन गोष्टी. पॅच केबल कडक भाकरीसारख्या ताठ घेऊ नको, जॅकला ताण येऊन आतले सांधे सुटतात, मऊ आणि जेमतेम लांबीच्या घे. आणि बोर्डला वेल्क्रो लावताना आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेव, गाडीच्या डिकीत बोर्ड राहिला की चिकट बाजूचा गोंद पातळ होऊन पेडल घसरतात, माझा डिले एकदा अख्खा रिव्हर्बवर जाऊन बसला होता. मी आता पेडलच्या खाली दोन कोपऱ्याला केबल टाय पण मारतो, आणि बोर्डवर जुनी चादर घडी करून टाकतो, धूळ पण थांबते आणि ऊन पण.

तुझ्या लांब केबल किती मीटर घ्यायच्या ते तू ॲम्प कुठं ठेवतोस त्यावर आहे, ५ मीटर धर, त्याहून आखूड घेतलीस तर पहिल्याच मोठ्या स्टेजवर पस्तावशील. ॲम्पच्या मागच्या बाजूचा एक फोटो टाक, लूपच्या जॅकच्या शेजारी स्विच किंवा मिक्सचं बटण आहे का ते बघून लेव्हलचं नेमकं सांगतो. आणि पॉवर सप्लायच्या मागच्या स्टिकरचा पण टाक, कुठल्या आउटपुटला किती मिलिअँप लिहिलंय ते दिसेल असा.